डाव्या पायाचा हिशेब : जुन्या पिकअपचे फ्लायव्हील

कांद्याने भरलेली पिकअप सोनईहून अहिल्यानगरकडे निघाली, की घोडेगावला हमरस्ता लागतो. पुढे पांढरीपूल येतो आणि त्यानंतर इमामपूर घाट. घाट तसा छोटा; पण पुढे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चालला असेल, तर मागच्या सगळ्यांना त्याच्याच चालीने चढावे लागते. गाडी सरकते, थांबते, पुन्हा सरकते. चालकाचा डावा पाय क्लचवर अर्धवट दाबलेला असतो. थोड्या वेळाने केबिनमध्ये जळकट वास येतो. काच खाली केली की वास जातो आणि गोष्ट विसरली जाते.

काही महिन्यांनी तीच गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना थरथरू लागते. कधी सेल मारताना दात घासल्यासारखा कर्कश आवाज येतो. गॅरेजमध्ये गिअरबॉक्स खाली उतरतो आणि मेकॅनिक सांगतो, ‘‘क्लच तर गेलाच, पण फ्लायव्हीलपण खाल्लंय.’’ आता मालकापुढे तीन वाटा असतात : लेथवर घालून पृष्ठभाग सारखा करून घ्यायचा, नवे फ्लायव्हील टाकायचे, की भंगार बाजारातून जुने आणायचे. ऐन हंगामात गाडी उभी ठेवणे परवडत नाही, म्हणून निर्णय बहुधा घाईत होतो. त्याच घाईत हवेचा पाइप लावून आतली काळी धूळ उडवली जाते आणि ती आजूबाजूच्या सगळ्यांच्या छातीत जाते. या दोन्ही गोष्टी, लोखंडाची झीज आणि माणसाची झीज, थोड्या समजुतीने टाळता येण्याजोग्या आहेत.

जात्याची वरची तळी

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला, क्रँकशाफ्टला बोल्टने घट्ट आवळलेले जड चाक. त्याचे तत्त्व आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होते. जात्याची वरची तळी जड असते. खुंटा धरून दिलेला जोर प्रत्येक क्षणी सारखा नसतो. हात जवळ येतो तेव्हा वेगळा, लांब जातो तेव्हा वेगळा. तरीही तळी एका लयीत फिरते, कारण तिच्या वजनात साठलेली गती कमी जोराच्या क्षणांची भरपाई करते. कुंभाराचे चाकही असेच. काठीने एकदा जोरात फिरवले, की मडके आकाराला येईपर्यंत ते फिरत राहते.

विहिरीवर डिझेल इंजिन चालवलेल्यांनी तर फ्लायव्हील उघड्यावर पाहिले आहे. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि त्यानंतरच्या काळात महाराष्ट्राच्या विहिरींवर डिझेल इंजिनांची धडधड ओळखीची झाली. कमी फेऱ्यांवर चालणाऱ्या एका सिलिंडरच्या अशा इंजिनांना बाजूला मोठाले जड चाक असे, काहींना तर दोन्ही बाजूंना. इंजिन सुरू करताना माणूस आधी सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका उचलायचा, हॅण्डल मारून चाकाला गती द्यायचा आणि वेग आला की खटका सोडायचा. सिलिंडरमधली हवा दाबण्याइतका जोर मनगटात नसतो. तो जोर चाकात साठवलेल्या गतीतून मिळायचा.

पिकअपमध्ये हेच काम बंद पेटीत चालते. चार फटक्यांच्या म्हणजेच फोर स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच इंधन जळून जोर मिळतो. चार सिलिंडर असले, तर दर अर्ध्या फेरीला एक धक्का. दोन धक्क्यांच्या मधल्या काळात इंजिन फिरते ठेवण्याचे काम फ्लायव्हील करते. ते नसते तर इंजिन आयडलवर टिकलेच नसते.

यात साठवण किती होते? फ्लायव्हीलचे वजन १२ किलो आणि त्रिज्या १४ सेंटिमीटर धरू. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर त्यात सुमारे ५,८०० ज्यूल ऊर्जा साठते. ही ऊर्जा ५० किलोची कांद्याची गोणी जवळजवळ १२ मीटर, म्हणजे तीन-चार मजले उंच उचलायला पुरेशी आहे. फेऱ्या दुप्पट झाल्या, की ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. चाकाच्या धातूवर पडणारा ताणही तसाच चौपट होतो. ही गोष्ट पुढे तड्यांचा विचार करताना लक्षात ठेवावी लागेल.

फ्लायव्हीलला आणखी दोन कामे असतात. त्याच्या कडेला दात्यांचे पोलादी कडे बसवलेले असते. त्याला रिंग गिअर म्हणतात. स्टार्टरचे छोटे दातेरी चाक याच दात्यांत अडकून इंजिन फिरवते. आणि फ्लायव्हीलचा मागचा सपाट चेहरा हा क्लचचा अर्धा भाग असतो. क्लच प्लेट एका बाजूने फ्लायव्हीलवर आणि दुसऱ्या बाजूने प्रेशर प्लेटवर दाबली जाते. झीज होते ती याच चेहऱ्याची.

तीन गिझर पेटल्यासारखे

पाय पूर्ण सोडलेला असतो, तेव्हा क्लच प्लेट आणि फ्लायव्हील एकत्र फिरतात. घसरण नाही, म्हणून झीजही नाही. पाय पूर्ण दाबलेला असतो, तेव्हा प्लेट सुटी असते. झीज होते ती फक्त मधल्या अवस्थेत, ज्याला चालक ‘हाफ क्लच’ म्हणतात. तेव्हा एक पृष्ठभाग दुसऱ्यावर घासत असतो आणि इंजिनाच्या ताकदीची उष्णता होत असते.

गाडी उचलताना थोडी घसरण अटळ आहे. भरलेली ३ टनांची पिकअप ताशी १० किलोमीटर वेगापर्यंत आणताना सुमारे ११ ते १२ हजार ज्यूल ऊर्जा गाडीच्या गतीत जाते आणि ढोबळमानाने तितकीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. एक-दोन सेकंदांचा मामला असतो. लोखंड ती उष्णता सहज पचवते. वजन दीडपट केले, तर प्रत्येक वेळी उष्णताही दीडपट होते. जादा माल भरण्याचा खर्च फक्त टायर आणि पाट्यांवर दिसतो असे नाही. तो इथेही जमा होत असतो.

खरा घात होतो चढावर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवल्याने. दर १०० मीटरला ८ मीटर चढणारा रस्ता, ३ टनांची गाडी, पहिला गिअर आणि इंजिनाच्या मिनिटाला १,२०० फेऱ्या असा हिशेब मांडला, तर गाडी जागेवर उभी असतानाच क्लचमध्ये ५ ते ६ किलोवॅट उष्णता निर्माण होत असते. घरातले २ किलोवॅटचे जवळजवळ तीन गिझर एका बंद डब्यात पेटवून ठेवल्यासारखे ते आहे. ब्रेक मारून आणि गिअर काढून तीच गाडी शून्य उष्णतेत उभी राहू शकते.

फ्लायव्हील बहुधा बिडाचे असते. बिडात ग्रॅफाइटच्या बारीक पापड्या असतात. त्यामुळे ते उष्णता चांगली वाहून नेते, थरथर शोषते आणि घासण्यालाही बरे तोंड देते. पण उष्णता आत झिरपायला वेळ लागतो. वरचा पातळ थर आधी तापतो, तोही सगळीकडे सारखा नाही. जिथे थोडा उंचवटा असेल तिथे दाब जास्त, म्हणून तिथे ताप जास्त. तापल्याने तो भाग आणखी फुगतो आणि दाब आणखी वाढतो. मग चेहऱ्यावर निळे-काळे डाग उमटतात.

या डागांत काय होते, हे ऊसतोडीचा कोयता करणाऱ्या लोहाराला लगेच कळेल. तो पाते लालबुंद तापवतो आणि पाण्यात बुडवतो. त्याला तो ‘पाणी देणे’ म्हणतो. त्याने धार कडक होते. फ्लायव्हीलच्या डागाच्या जागी वरचा थर ७०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेला, की खालचे थंड लोखंड ती उष्णता झटकन ओढून घेते. पाणी नसतानाही त्या ठिपक्याला ‘पाणी दिले’ जाते. तो ठिपका आजूबाजूपेक्षा कितीतरी कठीण आणि ठिसूळ होतो. मऊ भाग झिजत राहतो, कठीण ठिपका तसाच राहतो, चेहरा उंचसखल होतो आणि गाडी उचलताना थरथरते. वारंवार तापून-निवून शेवटी बारीक तडे पडतात.

लक्षण एक, कारणे अनेक

थरथर आली म्हणजे फ्लायव्हीलच गेले, असे समजू नये. इंजिनाचे माउंटिंग, म्हणजे खालचे रबर, तुटले तरी गाडी उचलताना तशीच हादरते. मागच्या सीलमधून ऑइल गळून क्लच प्लेटवर आले, तरी पकड कधी लागते, कधी सुटते. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस ढिला असला, तरी धक्का बसतो. रबर आणि क्रॉस गिअरबॉक्स न उतरवता तपासता येतात, म्हणून ते आधी पाहावेत.

क्लच घसरतोय का, हे ओळखण्याची साधी खूण म्हणजे वरच्या गिअरमध्ये चढावर पाय दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. सेल मारल्यावर कधी स्टार्टर नुसताच घूं करून फिरतो आणि गाडी हाताने थोडी ढकलून पुन्हा सेल मारला की सुरू होते. तेव्हा संशय रिंग गिअरच्या दात्यांवर घ्यावा. याचे कारण गमतीदार आहे. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना शेवटी एखाद्या सिलिंडरमधल्या दाबाशी अडते आणि बहुतेक वेळा ठरावीक दोनच जागांवर थांबते. त्यामुळे स्टार्टर दरवेळी त्याच दात्यांवर आपटतो. बाकीचे कडे नव्यासारखे असते आणि समोरासमोरच्या दोन जागी दाते बोथट झालेले असतात.

आधी मोजमाप, मग निर्णय

गिअरबॉक्स उतरला की निर्णय नजरेने न घेता मापाने घ्यावा. आधी चेहरा ओल्या फडक्याने पुसून स्वच्छ करावा. मग सरळ पोलादी पट्टी चेहऱ्यावर आडवी धरायची आणि खालच्या फटीत फिलर गेजची पाती सरकवून पाहायची. चाक कडेला किती झोका खाते, ते डायल गेज लावून मोजायचे. हे फ्लायव्हील क्रँकशाफ्टवर असतानाच करता येते. जाडी मोजून कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेल्या किमान मापाशी ताडायची. ही मापे प्रत्येक इंजिनाची वेगळी असतात. एका गाडीचा आकडा दुसरीला लावणे धोक्याचे.

नुसत्या उथळ रेघा, थोडे निळसर डाग आणि जाडी शिल्लक, अशी अवस्था असेल तर पृष्ठभाग सारखा करून फ्लायव्हील पुन्हा वापरता येते. केसासारखे तडे ग्राइंडिंगनंतरही दिसत राहिले, तडा बोल्टच्या भोकापर्यंत किंवा बाहेरच्या कडेपर्यंत गेला, बोल्टची भोके लांबट झाली, किंवा जाडी किमान मापाखाली गेली, तर ते चाक भंगारात द्यावे. इथे काटकसर नको. तडा गेलेले बीड फेऱ्या वाढल्यावर फुटू शकते, आणि ते चाक चालकाच्या पायांपासून फार लांब नसते. मोटारींच्या काही वेगवान शर्यतींत या भागाभोवती खास पोलादी कवच बंधनकारक असते, ते याच भीतीने. गोणी तीन मजले उचलणारी ऊर्जा तुकड्यांच्या रूपाने बाहेर पडली तर काय होईल, याची कल्पना त्यावरून यावी.

लेथ की ग्राइंडिंग, हा प्रश्न नेहमी येतो. लेथवर एकच टोकदार हत्यार धातू कापत जाते. मऊ बिडातून ते नीट चालते, पण ‘पाणी दिलेल्या’ कठीण ठिपक्यावर आले की किंचित उचलले जाते आणि ठिपका उंचच राहतो. वरून चेहरा चकचकीत दिसतो, पण थोड्याच दिवसांत थरथर परत येते. ग्राइंडिंगचा दगड कठीण आणि मऊ दोन्ही भाग सारखेच घासतो. म्हणून डाग पडलेल्या फ्लायव्हीलसाठी ग्राइंडिंग योग्य. गावात ते यंत्र नसेल, तर इंजिन रिबोअरिंगची कामे करणाऱ्या मोठ्या वर्कशॉपमध्ये ते बहुधा मिळते. चाक एकटेच पाठवता येते. गाडी ओढून न्यावी लागत नाही.

काढायचा थर कमीत कमी असावा, मिलिमीटरचे काही दशांश. जास्त काढले तर तीन गोष्टी बिघडतात. चाकाची उष्णता पचवण्याची ताकद घटते. सगळा क्लच इंजिनाच्या बाजूला सरकतो आणि तो सोडवणाऱ्या फोर्कची चाल बदलते. आणि काही फ्लायव्हीलचा चेहरा सपाट नसून पायरीचा असतो : प्लेट घासते तो भाग एका पातळीवर, प्रेशर प्लेट बसते ती कड दुसऱ्या पातळीवर. अशा चाकात आतला भाग जितका काढला, तितकीच कडही घ्यावी लागते. नाहीतर प्रेशर प्लेटचा दाबच कमी पडतो. हे काम करणाऱ्याला आधीच सांगावे आणि काम झाल्यावर पायरी मोजून घ्यावी.

काही नव्या डिझेल गाड्यांत दोन तुकड्यांचे, मध्ये स्प्रिंगा असलेले फ्लायव्हील असते. ते सहसा घासून दुरुस्त करत नाहीत, बदलतात. जुन्या पिकअपचे चाक बहुधा एकसंध असते, म्हणूनच तिथे दुरुस्तीचा पर्याय खुला राहतो. भंगार बाजारातून जुने चाक आणायचेच असेल, तर दात्यांची संख्या, बोल्टची भोके, व्यास आणि चेहऱ्याची पायरी जुन्याशी पडताळून पाहावी आणि तेही तड्यांसाठी तितक्याच कडक नजरेने तपासावे. दुसऱ्याने टाकून दिलेले चाक त्याने का टाकले, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

धाव चढवावी तसे कडे

फक्त दाते गेले असतील आणि चेहरा चांगला असेल, तर सगळे फ्लायव्हील बदलायची गरज नसते. रिंग गिअर वेगळे मिळते. ते बसवण्याची रीत बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवण्याच्या रीतीहून वेगळी नाही. कडे चाकापेक्षा किंचित लहान असते. ते तापवले की फुगते, थंड चाकावर अलगद बसते आणि निवताना आवळले जाते. २८० मिलिमीटर व्यासाचे पोलादी कडे २०० अंशांनी तापवले, तर व्यास सुमारे ०.६ मिलिमीटर वाढतो. एवढा फरक पुरतो. गॅसची ज्योत एकाच जागी धरून कडे लाल केले, तर दात्यांचा कडकपणाच निघून जातो. म्हणून सगळीकडून सारखी आणि बेताची उष्णता द्यावी.

तुटलेल्या दात्याच्या जागी वेल्डिंग भरून काम भागवण्याची युक्तीही कुठे कुठे चालते. ती दोन कारणांनी वाईट. वेल्डिंगच्या तापाने शेजारचे दातेही मऊ पडतात आणि चाकाचा तोल बिघडतो. १३ सेंटिमीटर त्रिज्येवर फक्त १० ग्रॅम जादा धातू राहिला, तर मिनिटाला ३,५०० फेऱ्यांवर तो सुमारे १८ किलो वजनाइतक्या ओढीने चाक एका बाजूला खेचतो, दर सेकंदाला ५८ वेळा दिशा बदलून. ही ओढ क्रँकशाफ्टच्या बेअरिंगला सोसावी लागते. फ्लायव्हीलच्या कडेला कंपनीने पाडलेली छोटी भोके दिसतात, ती तोल साधण्यासाठीच असतात. ती बुजवू नयेत.

बसवताना

गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच लागते, म्हणून त्या वेळी शेजारचे भागही पाहून घ्यावेत. मागचे ऑइल सील, मधले पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग हे भाग तुलनेने स्वस्त. पण त्यांतला एखादा नंतर गेला तर पुन्हा सगळे उतरवावे लागते. घासून सारखे केलेल्या चेहऱ्यावर जुनी, उंचसखल झिजलेली प्लेट परत बसवू नये.

काढण्याआधी फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्टवर खूण करावी. बऱ्याच इंजिनांत चाकावर टायमिंगची खूण असते. चाक भलत्याच कोनात बसले तर ती खोटी ठरते. बोल्ट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आणि कंपनीने दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावेत. जिथे कंपनी नवे बोल्ट सांगते, तिथे जुने वापरू नयेत. चेहऱ्यावर बोटांचा तेलकट ठसाही राहू देऊ नये.

आणि सगळ्यांत आधी, बॅटरीची तार काढावी आणि गाडी पक्क्या स्टँडवर घ्यावी. पिकअपचा गिअरबॉक्स एका माणसाने छातीवर झेलण्याची वस्तू नाही. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या चळतीवर उभ्या गाडीखाली शिरणे म्हणजे जीव पणाला लावणे आहे. वीट दाबाने न वाकता एकदम फुटते. सावध व्हायलाही वेळ मिळत नाही.

ती काळी धूळ

आता त्या धुळीकडे. क्लच प्लेटच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचे अस्तर असते. उष्णता सोसण्यासाठी त्यात अनेक दशके अ‍ॅस्बेस्टॉस वापरले जात होते. हे दगडातून निघणारे तंतू. न जळणारे, स्वस्त आणि चिवट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार माणसाला कर्करोग करतात. फुप्फुसे कडक करणारा अ‍ॅस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे त्याचे मुख्य आजार. ते लगेच दिसत नाहीत. मेसोथेलिओमा बहुतेक वेळा २० ते ४० वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा उघडकीस येतो. म्हणजे आज १८ वर्षांचा मदतनीस जी धूळ श्वासात घेतो, तिचा हिशेब त्याच्या चाळिशी-साठीत होतो.

घासण्याच्या तापाने अस्तरातल्या तंतूंचा बराचसा भाग बदलून निरुपद्रवी होतो, हे खरे. पण काही तंतू शिल्लक राहतात. आज बाजारात अ‍ॅस्बेस्टॉसविरहित प्लेटा मिळतात. मात्र भारतात अ‍ॅस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी नाही, आणि जुन्या गाडीत पूर्वी कोणी कोणती प्लेट टाकली, ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक जुना क्लच संशयित समजणे शहाणपणाचे.

१९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आणि कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी दीर्घकाळ जपाव्यात, असा आदेश दिला. कारखान्याच्या दारातून ही नोंदवही रस्त्याकडेच्या गॅरेजपर्यंत सहसा पोहोचत नाही. तिथे संरक्षण करायचे ते आपले आपणच.

उपाय खर्चिक नाहीत. हवेच्या पाइपने किंवा कोरड्या ब्रशने धूळ कधीही उडवू नये. हा पहिला आणि सर्वांत मोठा उपाय. तंतू इतके बारीक असतात, की ते दिसत नाहीत आणि तासन्‌तास हवेत तरंगतात. त्याऐवजी साबणाच्या पाण्याचा फवारा हलक्या हाताने मारून सगळे ओले करावे, ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाकावे. तोंडाला बांधलेल्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत. धूळ उडूच न देणे, हाच खरा मास्क; त्यावर धुळीसाठीचा चांगल्या प्रतीचा मास्क असेल तर उत्तम. त्या जागी खाणे-पिणे, तंबाखू मळणे नको. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. कामगारांच्या कपड्यांवरून घरी गेलेल्या तंतूंनी कुटुंबीय आजारी पडल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याला अ‍ॅस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

अनेक वर्षे गॅरेजमध्ये काम केलेल्याला चालताना धाप लागू लागली, कोरडा खोकला जाईना, तर डॉक्टरांना आपला धंदाही सांगावा. ‘मी क्लच-ब्रेकची कामे करतो’ हे एक वाक्य तपासणीची दिशा बदलू शकते.

हिशेब पायापाशी

नवे फ्लायव्हील बसले, धूळही नीट पुसली गेली. तरी जुनी सवय तशीच राहिली, तर दोन-तीन हंगामांत गाडी पुन्हा त्याच जागी येईल. सोनईच्या मुळा साखर कारखान्याच्या गळिताच्या दिवसांतली वाहनांची रांग असो, शनिवारी-अमावस्येला शिंगणापूरकडे जाणारी गर्दी असो, की घोडेगावच्या कांदा बाजाराबाहेरची कोंडी. सरकत-थांबत चालण्यातच क्लच खर्ची पडतो. रांग थांबली की गिअर काढून पाय सोडावा. पुढे गाडीभर जागा झाली की एकदाच पुढे जावे, हातभर सरकत राहू नये. चढावर गाडी हँडब्रेकवर धरावी, क्लचवर नव्हे. गाडी नेहमी पहिल्या गिअरमध्ये आणि कमी फेऱ्यांवर उचलावी. चालू गाडीत डावा पाय पेडलवर विसावू नये. पायाचा नुसता भारही प्लेटला किंचित सुटी करतो आणि रिलीज बेअरिंग विनाकारण फिरत राहते. आणि जळकट वास आला, तर काच खाली करण्याआधी गाडी बाजूला घेऊन दहा-पंधरा मिनिटे थंड होऊ द्यावी.

अहिल्यानगरला लष्करी आणि इतर वाहनांच्या चाचण्या घेणारी ‘व्हीआरडीई’ ही संरक्षण संशोधन संस्था आहे. तिथे वाहनांच्या कसोटीला यंत्रे आणि मोजपट्ट्या आहेत. सोनईच्या रस्त्यावरच्या जुन्या पिकअपसाठी मात्र रोजची कसोटी चालकाच्या डाव्या पायाखालीच असते. तो पाय शहाणा असेल, तर फ्लायव्हील कित्येक वर्षे उघडावे लागत नाही. आणि ते जितक्या कमी वेळा उघडेल, तितकी ती काळी धूळ कुणाच्या छातीत कमी जाईल.